दहा सेंटिमीटरची चूक

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी रत्नागिरीला घराच्या गच्चीवर मी चार अँटेना उत्तर-दक्षिण ओळीत उभे केले. जहाजं आपली ओळख आणि जागा सांगायला जे रेडिओ सिग्नल सोडतात ते, म्हणजे एआयएस, पकडायचे आणि फेजच्या फरकावरून, म्हणजे लहर एका अँटेनापेक्षा दुसऱ्यावर किती पुढे-मागे पोचते त्यावरून, त्यांची दिशा काढायची, एवढाच प्रोजेक्ट. वारंवारता १६२ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी १८५ सेंटिमीटर, दोन अँटेनांत अंतर त्याच्या निम्मं. सरळ ओळीला पुढचं-मागचं कळत नाही, पण आमच्या मागे हापूसची बाग. तिकडून जहाज येण्याची भीती नव्हती.

रिसीव्हर एकाच क्लॉकवर चालवले की फेज जुळते, असं मी धरून चाललो होतो. जुळत नाही. प्रत्येकाचं पीएलएल, म्हणजे वारंवारता क्लॉकशी बांधून ठेवणारं सर्किट, चालू होताना वेगळ्याच फेजवर लॉक होतं. रिस्टार्ट केलं की फरक नवा. म्हणून स्प्लिटरमधून एकच नॉइज, म्हणजे नुसत्या खरखरीचा सिग्नल, सगळ्यांना वाटून द्यायचा, पहिल्या चॅनेलच्या (रिसीव्हरच्या) तुलनेत बाकीच्यांचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) आणि फेज मोजायचा आणि तेवढी दुरुस्ती करायची. एआयएससारख्या अरुंद सिग्नलला चॅनेलमागे गेन आणि फेज दोन्ही सांगणारा एक कॉम्प्लेक्स आकडा पुरतो. बँड रुंद असेल तर वेळेतला उशीरही काढावा लागतो.

सुरुवातीला दोनच अँटेना जोडून पाहिले. नॉइजवर आलेख एकावर एक, आणि समोरचं जहाज मात्र दहा अंश बाजूला! जहाज स्वतःची जागा सिग्नलमध्येच सांगतं, त्यामुळे चूक लपत नाही. दहा किलोमीटरवर ती दीड किलोमीटरच्या वर जाते.

कारण हास्यास्पद होतं. खाऱ्या हवेने हिरवा पडलेला एक कनेक्टर मी कापून नवा बसवला होता, तेव्हा ती केबल दहा सेंटिमीटर आखूड झाली. आरजी-५८ या माझ्या केबलमध्ये लहर प्रकाशाच्या ६६ टक्के वेगाने जाते, म्हणजे दहा सेंटिमीटरला तीस अंश फेज. माझा नॉइज रिसीव्हरच्या तोंडाशी शिरत होता. त्याच्या अलीकडची केबल आणि अँटेना त्याला दिसतच नव्हते. नवीन असाल तर नॉइज शक्य तितका अँटेनाजवळ सोडा. मी ते खूप उशिरा केलं.

त्यानंतर जहाजांनाच कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजमाप जुळवायला, वापरलं. जहाजाच्या जागेवरून फेज किती यायला हवी ते काढायचं आणि मोजलेल्या फेजशी ताडून बघायचं. सगळ्या दिशांच्या जहाजांना फरक सारखाच आला, तर दोष केबलचा. दिशेप्रमाणे बदलला, तर अँटेना एकमेकांवर परिणाम करतायत, नाहीतर जवळपास काहीतरी धातूचं आहे. माझा बदलत होता. दोन मीटरवर कपडे वाळत घालायची तार होती.

आई म्हणाली, "तार हलायची नाही, तुझे दांडे हलव."

हलवले. आणि पुन्हा सगळं मोजायला बसलो.