काळ्या मातीत फाटकाचा खांब दरवर्षी कलत होता, तो असा थांबला

लक्षण: पावसाळा संपला की लोखंडी फाटकाची कडी बसत नाही, उन्हाळ्यात खांबाच्या बुडाशी हात जाईल एवढी भेग. जागा कपाशीची भारी जमीन.

टेकू दिला, खड्ड्यात जास्त काँक्रीट ओतलं. उपयोग शून्य, खर्च आणि डोकेदुखी तेवढी वाढली. कारण ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वरच्या थरातला काँक्रीटचा गोळा तीच उचलते.

उपाय शेजारच्या विहिरीत दिसतो. काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो, ते तिच्या कडेवरून मोजा. नाहीतर गावातल्या विहीर खोदणाऱ्याला विचारा, तो फुटात सांगतो. आमच्याकडे चार फूट.

काम वैशाखात करा. अडीच फूट चौरस खड्डा, मुरमात अर्धा फूट आत. खांब ओळंब्यात धरून फक्त खालचा दीड फूट १:२:४ (सिमेंट:रेती:गिट्टी) काँक्रीट, सात दिवस पाणी. वर मुरूम भरा: अर्ध्या फुटाचा थर, पाणी शिंपडा, धुमसाने ठोका, मग पुढचा. थर जाड घेतला तर पावसात खचतो. गिट्टी किंवा रेती भरू नका, खड्ड्याची टाकी होते. तोंडाशी सिमेंटचा उतार बाहेरच्या बाजूला काढा. फाटक शेवटी टांगा.

विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात मुरूम फार खोल असतो. तिथे हा उपाय चालत नाही, निदान फाटक दोन झडपांचं हलकं करा.