रात्री जमीन मोकळी ठेवा
सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. मग सामान माळ्यावर चढवायची एकच धांदल उडते आणि घरात किती अडगळ साठलीय ते तेव्हा कळतं. त्यापेक्षा रोज झोपण्याआधी जमिनीवरचं सगळं उचलून टाका. चपला स्टँडवर, दप्तर खुंटीला, पेपर रद्दीत. खरा वैताग खुर्चीवरच्या एकदा घातलेल्या कपड्यांचा. त्यांच्यासाठी दारामागे दोनच हूक ठोका. ते भरले की जुने कपडे थेट धुवायला. माळ्यावर ‘लागेल कधीतरी’ म्हणून काही चढवू नका, श्रीखंडाचे रिकामे डबे तर नाहीच! रेशनकार्ड, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या मात्र प्लास्टिकच्या एकाच फाइलमध्ये, कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात.