विंडोज बदलल्यानंतर वाय-फाय का तुटते, आणि ते कसे दुरुस्त करावे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट देणे, थांबवले आणि त्याच्या आगेमागे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या अनेकांनी आपले लॅपटॉप विंडोज ११ वर नेले. बहुतेकांचे काम बिनतक्रार चालले आहे. ज्यांचे चालत नाही त्यांचे गाऱ्हाणे मात्र जवळजवळ सारखेच असते. वाय-फायची खूण दिसत असते, पण जोडणी मध्येच तुटते, मिनिटभराने आपोआप येते, आणि कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू या संकेतस्थळावर अर्ज भरून झाल्यावर ओटीपी टाकण्याच्या नेमक्या क्षणी पान कोरे होते. अशा वेळी कोणी राउटर बदलतो, कोणी सगळा लॅपटॉप पुसून नव्याने विंडोज टाकतो. या दोन्हींची गरज क्वचितच पडते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक मुदत ध्यानात ठेवावी. विंडोज १० वरून ११ वर गेल्यानंतर १० दिवसांपर्यंत, डिस्कवर उरलेली जुन्या विंडोजची फाइल-पेटी कोणी साफ केली नसेल तर, सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेने ‘गो बॅक’ निवडून मागे जाता येते. त्यानंतर ती सोय राहत नाही. म्हणून अपग्रेडची तारीख वहीत लिहावी आणि पुढची सगळी तपासणी त्या १० दिवसांच्या आत उरकावी. पहिला एक दिवस मात्र सोडून द्यावा. अपग्रेड झाल्यावर विंडोज पार्श्वभूमीला बरेच काही उतरवून घेत असते आणि वनड्राइव्हही आपल्या फाइलींची जुळवाजुळव करत बसते, त्यामुळे त्या दिवशीची संथ गती म्हणजे बिघाड नव्हे. संथ चालणे आणि तुटणे हे दोन वेगळे आजार आहेत आणि इथे आपण तुटण्याबद्दल बोलत आहोत.

माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती टाळण्याजोगी होती. माझा लॅपटॉप अपग्रेडनंतर दर वीस-पंचवीस मिनिटांनी वाय-फाय सोडू लागला, तेव्हा मी चार दिवसांत तीनदा इंटरनेट पुरवणाऱ्यांना फोन करून त्यांची केबल खराब असल्याचे ठामपणे सांगितले. शेवटी त्यांचा लाइनमन आला. त्याने फायबर काढून हातातल्या मीटरला लावले आणि उणे १९ हा आकडा मला दाखवला. लाइन उत्तम होती. मग तो माझ्या लॅपटॉपशेजारीच बसला आणि त्याच वाय-फायवर आपल्या मोबाइलवर क्रिकेटचा सामना लावला. माझा लॅपटॉप तुटला. त्याचा सामना चालूच राहिला. काही न बोलता त्याने चहा संपवला आणि गेला.

त्याने दोन मिनिटांत केले तेच आपणही आधी करावे. इंटरनेटची वाट तीन टप्प्यांची असते. लॅपटॉप ते राउटर हा पहिला टप्पा हवेतला, राउटर ते पुरवठादार हा दुसरा तारेतला आणि त्यापुढचे सगळे तिसरा. यांपैकी कोणता टप्पा तुटतो हे कळल्याशिवाय काहीही बदलणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. यासाठी स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरे लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि इंग्रजी अक्षरांत आयपीकॉन्फिग असे लिहून एंटर दाबावे. वाय-फायच्या मजकुराखाली ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो पत्ता येतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा, तो आपला राउटर. आता पिंग हा शब्द, एक जागा सोडून तो पत्ता, पुन्हा एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून टी हे अक्षर, असे इंग्रजीत लिहून एंटर दाबले की दर सेकंदाला राउटरला हाक जाते आणि उत्तराची एक ओळ उमटते. दुसरी तशीच खिडकी उघडून तिथे राउटरऐवजी ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता द्यावा. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून नेहमीचे काम करत राहावे. थांबवायचे झाल्यास कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबावीत.

जोडणी तुटेल तेव्हा या दोन खिडक्या पुरेसे बोलतात. दोन्हींत एकदमच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येऊ लागले तर पहिला, हवेतला टप्पा तुटला आहे किंवा राउटरच बंद पडला आहे, आणि शेजारच्या मोबाइलचे वाय-फाय त्याच वेळी चालू असेल तर दोष लॅपटॉपचा. राउटरची खिडकी उत्तरे देत राहिली आणि फक्त बाहेरची गप्प झाली तर विंडोजला दोष देऊ नये. तेव्हा पुरवठादाराला फोन करणे रास्त आहे. दोन्ही उत्तरे देतात पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन डीएनएस हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ असा भरल्यावर हे बहुधा सुटते. राउटरच्या ओळीतला वेळही पाहावा. जवळ बसले असता तो काही मिलिसेकंद असतो. तोच मधूनमधून शेकड्यांत जात असेल तर जोडणी टिकून असली तरी हवेतला संकेत अशक्त आहे असे समजावे.

आपल्याकडे या तपासणीत एक फसगत हमखास होते, ती म्हणजे लाईट. पावसाळ्यात लाईट जाते, इन्व्हर्टर क्षणार्धात भार उचलतो, पंखा थांबलेलाही कळत नाही. पण त्या क्षणात फायबरचा डबा आणि राउटर बंद पडून पुन्हा चालू होतात आणि सावरायला त्यांना दोन-तीन मिनिटे लागतात. लॅपटॉप बॅटरीवर असल्याने त्याला धक्काही लागत नाही, आणि आपल्याला वाटते की वाय-फाय उगीचच तुटले. म्हणून वहीत तुटण्याच्या वेळेशेजारी लाईट होती की नव्हती हेही लिहावे. या दुखण्याला राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस हा सरळ उपाय आहे.

दोष लॅपटॉपचा ठरला की पहिला संशयित ड्रायव्हर. वाय-फायचे कार्ड इंटेल, रिअलटेक, क्वालकॉम किंवा मीडियाटेकचे असते. त्याच्याशी विंडोजचे बोलणे ज्या छोट्या प्रणालीमार्फत चालते ती म्हणजे ड्रायव्हर. अपग्रेड करताना विंडोज अनेकदा लॅपटॉप कंपनीने बसवलेला ड्रायव्हर काढून आपल्याकडचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते, आणि तो चालतो खरा, पण त्या कार्डाच्या खोडी त्याला माहीत नसतात. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी देऊन डिव्हाइस मॅनेजर उघडावा, ‘नेटवर्क ॲडाप्टर्स’ उलगडून वाय-फाय कार्डाच्या नावावर दोनदा टिचकावे आणि ‘ड्रायव्हर’ या खणात तारीख व आवृत्ती पाहून ती वहीत उतरवून घ्यावी. तिथले ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबण्याजोगे असेल तर जुना ड्रायव्हर अजून साठवलेला आहे. तो परत आणून एक दिवस वापरून पाहावा. बटण फिकट असेल तर लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेला मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा वाय-फाय ड्रायव्हर उतरवावा. विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्येही कधीकधी नवा ड्रायव्हर पडून असतो. ‘सगळे ड्रायव्हर एका टिचकीत’ असे सांगणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरांच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यांनी केलेले नुकसान निस्तरताना माझे अख्खे रविवार गेले आहेत.

वाय-फायच चालत नसेल तर ड्रायव्हर उतरवायचा कसा, हा प्रश्न साहजिक आहे. मोबाइल यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावे; लॅपटॉपला तारेतून इंटरनेट मिळते आणि वाय-फाय कार्डाला हात लावावा लागत नाही. निपाणी-कोगनोळीकडे किंवा चंदगडच्या हद्दीला लागून राहणाऱ्यांनी एवढे पाहावे की मोबाइल मध्येच पलीकडच्या राज्याच्या टॉवरला चिकटत नाही ना, नाहीतर मोठी फाइल अर्ध्यावर अडकते.

माझ्या लॅपटॉपचा गुन्हेगार मात्र ड्रायव्हरच्या शेजारच्या खणात सापडला. ‘पॉवर मॅनेजमेंट’ या खणात ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला मुभा द्यावी’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य आणि त्यापुढे खूण असते. अपग्रेडपूर्वी मी ती काढलेली होती. नव्या ड्रायव्हरबरोबर ती परत आली. मी वाचत बसलो की विंडोज कार्डाला झोपवायचे, आणि ते धड जागे व्हायचे नाही. खूण काढली, लॅपटॉप पुन्हा चालू केला, आणि पिंगची खिडकी रात्रभर उघडी ठेवून झोपलो. सकाळी तिच्यात एकही ओळ गळालेली नव्हती. काही नव्या लॅपटॉपांत हा खण दिसतच नाही, तेव्हा शोधत बसू नये. त्याखेरीज कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये प्रगत सेटिंग उघडल्यास ‘वायरलेस ॲडाप्टर सेटिंग्ज’ हा भाग जिथे असेल तिथे बॅटरी आणि वीज या दोन्हींसाठी ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ निवडावे. चार्जर लावला की नीट आणि काढला की तुटते, अशी ज्यांची तक्रार असते त्यांचे उत्तर बहुधा इथेच असते. लाईट वारंवार जाणाऱ्या गावात तर हे विशेष लक्षात येते, कारण लाईट गेली की लॅपटॉप आपोआप बचतीच्या नियमांवर जातो.

‘याच खोलीत, याच खुर्चीवर, काल चालत होते’ असे कोणी म्हणाले की मी भिंतीकडे पाहतो. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. पाचचा पट्टा वेगवान असतो पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. खानापूर, जांबोटीकडच्या जांभ्या चिऱ्यांच्या आणि बेळगावच्या जुन्या वाड्यांतल्या मातीच्या जाड भिंती ओलांडताना त्याचा दम सुटतो. आधीच्या ड्रायव्हरला दोनचा पट्टा पसंत असेल आणि नव्याने पाचचा धरला, तर खुर्ची तीच राहूनही संकेत काठावर येतो आणि लॅपटॉप दोन पट्ट्यांमध्ये झोके घेत राहतो. डिव्हाइस मॅनेजरमधल्या वाय-फाय कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ खणात बहुधा ‘प्रिफर्ड बँड’ अशी निवड असते. जाड भिंतीआड बसणाऱ्यांनी तिथे २.४ निवडून पाहावे, किंवा राउटरमध्ये दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावे देऊन आपल्याला हवे तेच जोडावे. दोनच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांची गर्दी असेल तर राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो ठेवावा, कारण हे तिन्ही एकमेकांवर चढत नाहीत. जाता जाता एक गोष्ट: यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क आणि तिची तार याच पट्ट्यात गोंगाट करतात. बॅकअप घेताना वाय-फाय तुटत असेल तर डिस्क लॅपटॉपपासून हातभर दूर सरकवून पाहावी.

एवढ्याने भागले नाही तर आधी त्या वाय-फायचे नाव ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्याने द्यावा, जुना अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन असल्यास काही काळ काढून टाकावा, कारण जुन्या विंडोजसाठी बांधलेले त्यांचे गाळणे नव्या विंडोजच्या वाटेत अडकून राहू शकते. शेवटी सेटिंग्जमधल्या ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’खालचे ‘नेटवर्क रीसेट’ वापरावे. त्याने सगळे साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि हाताने भरलेला डीएनएस पुसला जातो, म्हणून पासवर्ड आधी कागदावर घ्यावा. या सगळ्यांत एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर निदान अर्धा दिवस पिंगची खिडकी पाहावी. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला हे कळत नाही, आणि पुढच्या मोठ्या अपडेटनंतर तेच दुखणे उलटते तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कार्डच इतके जुने असेल की कंपनीने त्यासाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हर काढलाच नाही, तर १० दिवसांच्या आत मागे जाण्यापेक्षा विंडोज ११ ला चालणारे यूएसबी वाय-फाय ॲडाप्टर घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण आधार संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करणे बरे नव्हे. ॲडाप्टर बसवल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या कार्डावर उजवी टिचकी देऊन ते ‘डिसेबल’ करावे, नाहीतर दोन्ही एकाच राउटरला जोडली जातात आणि तुटते आहे कोणते, हे ओळखणे अवघड होऊन बसते. आणि लॅपटॉप एकाच टेबलावर राहत असेल, राउटर त्याच खोलीत असेल, तर साधी लॅन तार ओढावी.