महिला गटात पारलिंगी खेळाडूची प्रवेशिका आल्यास : स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जिल्हा संघटनेची निवड चाचणी असो, महाविद्यालयाच्या जिमखान्याची स्पर्धा असो किंवा रविवारी सकाळची दहा किलोमीटरची शर्यत असो, जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली आणि आज स्त्री म्हणून जगणारी, म्हणजेच पारलिंगी, खेळाडू महिला गटात नाव नोंदवायला येऊ शकते. बहुतेक ठिकाणी या प्रसंगाचा विचार ती खेळाडू टेबलासमोर उभी राहिल्यावरच सुरू होतो. मग घाईने निर्णय होतो, कुजबुज सुरू होते, आणि तिच्यावरही अन्याय होतो व तिच्या शेजारच्या लेनमध्ये धावणाऱ्या मुलींवरही. म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की पात्रतेचा नियम कोणाचेही नाव समोर येण्यापूर्वी लिहून काढावा आणि स्पर्धेच्या माहितीपत्रकात छापावा. तो कसा तयार करावा, यासाठी हे लेखन आहे.

नियम लिहायला बसणाऱ्यांनी सुरुवातीला महिला गट वेगळा का असतो, हे आपापसांत स्पष्ट करून घ्यावे, कारण वादाचा बराचसा गुंता इथेच सुटतो. वयात येण्यापूर्वी मुलामुलींच्या धावण्या-पोहण्यातला फरक थोडा असतो. वयात येताना मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, उंची व हाडांची लांबी वाढते, स्नायू व हृदय मोठे होते, रक्तातले हिमोग्लोबिन वाढते. त्याचा परिणाम घड्याळात दिसतो. शंभर मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा आहे, तर स्त्रियांचा, जो १९८८ पासून कोणी मोडू शकलेले नाही, १०.४९ सेकंदांचा. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर असे अंतर आहे. धावण्यात हा फरक साधारण दहा ते बारा टक्क्यांचा भरतो, आणि जिथे पहिल्या व आठव्या क्रमांकात जेमतेम काही टक्क्यांचे अंतर असते तिथे तो सराव वाढवून किंवा जिद्दीने भरून निघणारा नाही. महिला गट नसता तर अंतिम फेरीत एकही स्त्री दिसली नसती. हा गट स्त्रियांनी फार झगडून मिळवला आहे, ही गोष्ट नियम करताना मनात पक्की असली पाहिजे.

यानंतरचा प्रश्न असा की पुरुषी वयात येण्याने मिळालेला लाभ पुढे औषधांनी टेस्टोस्टेरॉन कमी केल्यावर नाहीसा होतो का. उपलब्ध अभ्यास सांगतात की हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते, मात्र स्नायूंचे वस्तुमान वर्षभरात सुमारे पाच टक्केच घटते, आणि उंची किंवा हाडांची ठेवण तर बदलतच नाही. अमेरिकी हवाई दलातील कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन वर्षांच्या उपचारांनंतर जोर आणि सिट-अप्स यांतला पारलिंगी व इतर स्त्रियांमधला फरक मिटला होता, पण दीड मैलाच्या धावेत पारलिंगी स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा सरासरीने बारा टक्के वेगवानच राहिल्या होत्या. दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अर्थसाहाय्याने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पारलिंगी स्त्री खेळाडूंच्या हाताची पकड अधिक मजबूत आढळली, पण त्यांची उडी इतर स्त्री खेळाडूंपेक्षा कमी भरली. हे बहुतेक अभ्यास थोड्या व्यक्तींवर झालेले आहेत आणि सर्वोच्च पातळीच्या खेळाडूंवर फारच थोडे. तरीही मला दिसणारा कल असा आहे की ताकद, वेग आणि उंची यांवर जिंकल्या जाणाऱ्या खेळांत लाभाचा मोठा भाग टिकून राहतो, आणि तो नाहीच असे गृहीत धरून नियम करता येत नाही.

एखाद्या खेळाडूचा निकाल पुढे करून केलेला युक्तिवाद मात्र बैठकीत मान्य करू नये. पारलिंगी जलतरणपटू लिया थॉमस यांनी मार्च २०२२ मध्ये अमेरिकी विद्यापीठ स्पर्धेत ५०० यार्ड पोहण्याचे विजेतेपद मिळवले, हे एका बाजूचे लोक सांगतात, आणि त्याच स्पर्धेत त्या १०० यार्डांत आठव्या आल्या, हे दुसऱ्या बाजूचे. न्यूझीलंडच्या पारलिंगी वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड टोकियो ऑलिंपिकमध्ये स्नॅच या उचलण्याच्या प्रकारातले तिन्ही प्रयत्न हुकून बाहेर पडल्या, म्हणून लाभ नसतोच असेही सिद्ध होत नाही. हरणारी व्यक्तीही एखादीची जागा घेऊन उतरलेली असू शकते, आणि जिंकणारी व्यक्ती केवळ मेहनतीने जिंकलेली असू शकते.

आता ज्या ठिकाणी हमखास चूक होते तिथे येऊ. पारलिंगी स्त्री आणि जन्मतः लैंगिक विकासात वेगळेपण असलेली स्त्री हे दोन निराळे विषय आहेत. दुसऱ्या प्रकारातील मुलगी जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढलेली असते आणि आपल्या गुणसूत्रांत किंवा संप्रेरकांत काही वेगळे आहे हे तिला स्वतःलाही बहुधा ठाऊक नसते. भारताच्या धावपटू द्युती चंद व शांती सौंदराजन आणि दक्षिण आफ्रिकेच्या धावपटू कॅस्टर सेमेन्या यांपैकी कोणीही पारलिंगी नाही. शांती यांचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील ८०० मीटरचे रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले आणि तो अहवाल सगळ्या देशात चघळला गेला. तमिळनाडूच्या गावातून आलेल्या त्या मुलीची बाजू त्या वेळी कोणी ऐकून घेतली नाही.

स्पेनच्या अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो यांचे प्रकरण नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावे. १९८५ मध्ये कोबे येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्यांच्या चाचणीत एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत असणारी, गुणसूत्रे आढळली. पथकाच्या डॉक्टरांनी त्यांना दुखापतीचे सोंग करायला सांगितले, आणि त्या दिवशी त्या प्रेक्षकांत बसून सहकारी मुलींची शर्यत पाहत राहिल्या. पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घ्या असे सांगितले असतानाही त्या धावल्या आणि ६० मीटर अडथळा शर्यत जिंकल्या. लगेच त्यांचा अहवाल वृत्तपत्रांत आला, शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, ठरलेले लग्न मोडले. वस्तुस्थिती अशी होती की त्यांचे शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हते, म्हणजे त्या गुणसूत्राचा त्यांना मैदानावर काहीही फायदा नव्हता. १९८८ मध्ये त्यांना पुन्हा मान्यता मिळाली, तोवर ऐन उमेदीची वर्षे निघून गेली होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ स्त्रियांपैकी आठ जणींत एसआरवाय हे, सहसा वाय गुणसूत्रावर असणारे, जनुक आढळले आणि त्या आठही जणींना खेळू दिले गेले. चाचणीचा कागद हा चौकशीचा आरंभ असतो, निकाल नव्हे.

ही पार्श्वभूमी समितीला समजली की पुढचे काम आपली स्पर्धा कोणाच्या कक्षेत येते हे पाहण्याचे. जी स्पर्धा एखाद्या महासंघाच्या क्रमवारीत मोजली जाते किंवा जिच्यातून राज्य वा राष्ट्रीय संघ निवडला जातो, तिथे आयोजकाला स्वतःचा नियम करण्यास फारशी मुभा नाही आणि वरचा नियमच छापावा लागतो. रग्बीच्या जागतिक संघटनेने २०२० मध्ये, मुख्यतः टॅकलमधील (प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडतानाच्या) दुखापतीचा धोका लक्षात घेऊन, आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांतून पारलिंगी स्त्रियांना वगळले. जलतरणाच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये आणि ॲथलेटिक्स व सायकलिंगच्या संघटनांनी २०२३ मध्ये, पुरुषी वयात येण्याचा टप्पा अनुभवलेल्या खेळाडूंसाठी महिला गट बंद केला. वर्ल्ड ॲथलेटिक्सने १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीच्या महिला स्पर्धांसाठी एसआरवाय जनुकाची, आयुष्यात एकदाच करावयाची, चाचणी आवश्यक केली. ती गालाच्या आतल्या बाजूच्या नमुन्यावर किंवा रक्ताच्या थेंबावर होते. क्रिकेटमध्ये आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांसाठी असाच नियम केला. माजी कसोटीपटू संजय बांगर यांच्या कन्या अनाया बांगर यांनी २०२५ मध्ये या नियमाचा फेरविचार व्हावा अशी जाहीर मागणी केली, तेव्हा हा विषय मराठी घरांतही बोलला गेला. नियम मान्य नसलेल्या खेळाडूने तो असा उघडपणे, पुराव्यानिशी आव्हानित करावा हे योग्यच आहे, आणि आयोजकानेही त्याबद्दल आकस धरू नये.

खेळानुसार विचार बदलतो, हेही ध्यानात घ्यावे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चीनच्या झांग शान यांनी पुरुषांसह झालेल्या स्कीट नेमबाजीत सुवर्णपदक जिंकले होते. जिथे शरीराच्या ताकदीवर निकाल ठरत नाही, तिथे धावण्यासाठी केलेला नियम जसाच्या तसा उचलणे चुकीचे ठरेल. उलट कबड्डीत चढाई करणाऱ्या खेळाडूला ओढून धरताना वजन आणि पकड यांचा थेट संबंध येतो, म्हणून तिथे निष्पक्षतेबरोबर सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो.

ज्या स्पर्धांतून पुढे निवड होत नाही, त्यांच्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : दार उघडे ठेवावे. सोसायटीचे सामने, कंपनीची क्रीडास्पर्धा, शाळेचे स्नेहसंमेलन आणि बारा वर्षांखालील गट यांत जागतिक महासंघाचा नियम लावण्याला काही अर्थ नाही. शिक्षणसंस्थांना तर २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १३ ने पारलिंगी विद्यार्थ्यांना भेदभाव न करता खेळाच्या व करमणुकीच्या संधी देण्याचे बंधन घातले आहे, त्यामुळे मैदान, सराव आणि प्रशिक्षक यांपासून कोणालाही दूर ठेवता येणार नाही. पदकाची पात्रता आणि खेळण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवर मर्यादा घालताना दुसरा हिरावला जाऊ नये.

खुला गट ठेवायचा असल्यास जरूर ठेवावा, परंतु तेवढ्याने प्रश्न मिटला असे मानू नये. जलतरणाच्या जागतिक संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या विश्वचषक स्पर्धेत असा गट जाहीर केला होता आणि त्यात एकही प्रवेशिका आली नाही. एकट्या व्यक्तीला सर्वांसमोर वेगळ्या रांगेत उभे करणारा गट कोणालाच नको असतो. रस्त्यावरच्या शर्यतींत मात्र ही सोय निभते, कारण सगळे एकत्रच धावतात आणि गट फक्त निकालपत्रकात वेगळा दिसतो. बोस्टन मॅरेथॉनने २०२३ पासून स्त्री-पुरुष या चौकटीबाहेरच्या धावपटूंसाठी स्वतंत्र गट ठेवला आहे.

प्रत्यक्ष मसुदा लिहिताना भाषा सरळ ठेवावी. निवड स्पर्धेसाठी असा मजकूर चालेल : ‘या स्पर्धेच्या महिला गटाची पात्रता संबंधित आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रचलित नियमांनुसार राहील. आपल्या पात्रतेविषयी शंका असलेल्या खेळाडूने नोंदणीपूर्वी वैद्यकीय समन्वयकाशी संपर्क साधावा. हा संवाद गोपनीय राहील.’ वैद्यकीय समन्वयक म्हणून एका डॉक्टरांचे नाव आधीच ठरवावे, शक्यतो महिला डॉक्टरांचे, आणि कागदपत्रे त्यांच्याखेरीज आणखी एकाच जबाबदार व्यक्तीने पाहावीत, असे लिहून घ्यावे. कार्यालयातल्या सामाईक फाइलमध्ये किंवा व्हॉट्सॲप गटावर यातला एक कागदही जाता कामा नये. चाचणी लागणारच असेल तर ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, खेळाडूच्या लेखी संमतीने, आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पालकांच्या संमतीने व समुपदेशनाची सोय करूनच व्हावी. खर्च आयोजकाने उचलावा. शरीराची तपासणी, कपडे उतरवायला लावणे किंवा प्रसाधनगृहात कोणाला तरी पाठवून ‘बघून घेणे’ या गोष्टींना नियमात स्पष्ट शब्दांत मनाई असावी.

हरकतीचे कलम सर्वांत काळजीने लिहावे लागते, कारण त्याचा गैरवापर उंच, रुंद खांद्यांच्या, आखूड केसांच्या किंवा खोल आवाजाच्या इतर मुलींविरुद्धही होतो. दिसण्यावरून घेतलेली हरकत स्वीकारली जाणार नाही, असे वाक्य त्यात असलेच पाहिजे. हरकत नोंदणी बंद झाल्यापासून ठरावीक मुदतीत, लेखी, सहीनिशी आणि कारणासह यावी, आणि ती निनावी असल्यास बाजूला ठेवावी. मैदानावर आरडाओरडा करणाऱ्या प्रशिक्षकाला किंवा पालकाला पंचांनी तिथेच समज द्यावी आणि शर्यत ठरल्या वेळी सुरू करावी. हरकत ग्राह्य धरल्यास खेळाडूला ती दाखवून आपले म्हणणे मांडायला वेळ द्यावा, निर्णय कारणांसह लेखी द्यावा, आणि अपील ऐकणारी व्यक्ती पहिल्या समितीतली नसावी. सेमेन्या यांनी टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेच्या नियमाविरुद्ध लढलेल्या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने जुलै २०२५ मध्ये ठपका ठेवला तो स्वित्झर्लंडच्या न्यायालयातील सुनावणी पुरेशी काटेकोर नव्हती याच मुद्द्यावर. द्युती चंद यांच्या बाजूने २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने दिलेला निर्णयही लाभाचा पुरावा महासंघाने पुरेसा दिला नाही या पायावर उभा होता, आणि त्यामुळेच त्या रिओ ऑलिंपिकमध्ये धावू शकल्या. नियम योग्य असूनही तो लावण्याची रीत चुकली, तर तो टिकत नाही.

निकाल जाहीर झाल्यानंतर आलेली हरकत त्या स्पर्धेपुरती विचारात घेऊ नये. नियम पाळून उतरलेल्या खेळाडूचे पदक नंतर काढून घेऊ नये. त्रुटी नियमातच असल्याचे दिसल्यास ती पुढच्या हंगामाच्या माहितीपत्रकात दुरुस्त करावी, आणि दुरुस्तीपूर्वी महिला खेळाडूंचे व पारलिंगी खेळाडूंचे म्हणणे समितीने समोर बसून ऐकावे. वरच्या महासंघांचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले असल्याने, नोंदणी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरील मजकूर पुन्हा वाचून मगच माहितीपत्रक छपाईला द्यावे.