आम्लता ठरवताना आधी प्रोटॉन काढून टाका

दोन संयुगांपैकी जास्त आम्लधर्मी कोणतं, असा प्रश्न आला की बहुतेक जण मूळ रेणूकडेच टक लावून बसतात. त्यापेक्षा प्रोटॉन, म्हणजे H⁺, काढून उरलेला ऋण आयन कागदावर काढा. त्यावरचा ऋणभार जितका हलका होईल, तितकं आम्ल तीव्र.

भार हलका करणारा गट सिग्मा बंधांतून ओढत असेल, तर तो इंडक्टिव्ह इफेक्ट. इथे अंतर मोजा. ब्युटेनॉइक आम्लाचा पीकेए (आम्लतेचं माप; आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र) साधारण ४.८. क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर (COOH चा कार्बन पहिला) बसवला की तो २.९ च्या आसपास येतो, तिसऱ्यावर ४.१, चौथ्यावर थेट ४.५. म्हणजे दोन कार्बन पलीकडे सरकताच क्लोरीनचा जोर जवळपास संपला!

रेझोनन्समध्ये, म्हणजे पाय इलेक्ट्रॉनांमार्फत भार अनेक अणूंवर पसरतो तिथे, मात्र अंतर नव्हे, जागा बघायची. बेंझीन कड्यात OH च्या कार्बनला लागून ऑर्थो, त्यापुढे मेटा, अगदी समोर पॅरा. फिनॉलचा पीकेए १०, मेटा-नायट्रोफिनॉलचा ८.४, पॅरा-नायट्रोफिनॉलचा ७.२. पॅरा नायट्रो ऑक्सिजनपासून जास्त लांब, तरी तोच वरचढ. का? फिनॉक्साइडचे (फिनॉलमधून प्रोटॉन गेल्यावर उरलेल्या आयनाचे) वक्र बाण, म्हणजे इलेक्ट्रॉन जोडी कुठून कुठे जाते ते दाखवणारे बाण, काढून बघा: ऋणभार ऑर्थो आणि पॅरा कार्बनवर येतो, मेटावर कधीच नाही. त्यामुळे पॅराचा नायट्रो तो भार स्वतःच्या ऑक्सिजनवर घेऊ शकतो. मेटाचा नुसता इंडक्टिव्ह ओढीवर भागवतो.

बाण काढताना एक जपा. शेपूट इलेक्ट्रॉन जोडीवर, टोक ती जाते तिकडे. धनभारापासून बाण सुरू केलात, तर पुढचं सगळं चुकलंच म्हणून समजा.