वायुदलातून एअरलाइनकडे: रिलीजच्या अर्जाआधी परवाना हातात हवा

वायुदलातल्या वैमानिकाला नागरी विमानसेवेत जायचं असेल, तर आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. इथे राजीनामा देऊन निघून जायचा हक्क नसतो. वायुदल कायदा, 1950 च्या कलम 18 नुसार नोकरी राष्ट्रपतींच्या मर्जीने चालते, त्यामुळे मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज हा विनंती अर्जच असतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेत निवड झालेल्या एका वायुसैनिकाच्या खटल्यातही स्पष्ट सांगितलं, की बाहेर नोकरी मिळाली म्हणून वाटेल तेव्हा सेवा सोडता येत नाही. तो वैमानिक नव्हता, पण तत्त्व सगळ्यांना लागू आहे. म्हणून रिलीज लेटर, म्हणजे सेवामुक्तीचं पत्र, हातात पडेपर्यंत कुठल्याही कंपनीला रुजू होण्याची तारीख देऊ नका. तारीख हुकली की ट्रेनिंगची बॅच निघून जाते आणि सीनिऑरिटीचा नंबर मागे पडतो.

बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी अर्ज, मग परवान्याची धावपळ. ते का अंगाशी येतं, ते सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याच्या, अटी वाचल्या की कळतं. डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, उड्डाणाचे एकूण 200 तास हवेत, त्यातले 100 पायलट-इन-कमांड (पीआयसी, विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून. 20 तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारी लांबची उड्डाणं), आणि त्यात एक फेरी किमान 300 नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. 10 तास इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडवण्याचे), 5 तास रात्रीचे, 10 टेकऑफ-लँडिंगसह. दहा-बारा वर्षं उडवणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतात. अडकतो तो दुसऱ्याच ठिकाणी: पीआयसीच्या 100 पैकी 15 तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले लागतात. वायुदल मुख्यालयात किंवा स्टाफ कोर्सला बसलेल्या अधिकाऱ्याचे उड्डाण तास तोवर आटलेले असतात. हजारो तास गाठीशी असून बारामतीला किंवा गोंदियाला फ्लाइंग स्कूलमध्ये पैसे भरून छोटं विमान उडवायची वेळ येते. ग्राउंड टूरची (जमिनीवरच्या कामाची) पोस्टिंग येण्याआधी, स्क्वाड्रनमध्ये नियमित उड्डाणं चालू असतानाच परवान्याचा अर्ज टाका. सेवेत असताना नागरी परवाना काढायचा तर वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत जपून ठेवा.

लॉगबुकवर, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीवर, सर्वात जास्त वेळ द्या. नागरी नियमांत विमानाचा वेळ ते टेकऑफसाठी पहिल्यांदा हललं तिथपासून, उतरून पूर्ण थांबेपर्यंत धरतात. सैनिकी नोंद बहुधा हवेतल्या वेळेची असते. टॅक्सीची मिनिटं आपल्या मनाने मिळवून तास फुगवू नका. नोंदी आहेत तशाच ठेवा, त्यांना सक्षम अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्या. फोड मात्र नागरी रकान्यांप्रमाणे करून ठेवा: पीआयसी, को-पायलट, ड्युअल (शिक्षकासोबतचे), दिवस, रात्र, इन्स्ट्रुमेंट, एक इंजिन, अनेक इंजिनं. भारतात रात्र सूर्यास्तानंतर 20 मिनिटांनी सुरू होते आणि सूर्योदयाच्या 20 मिनिटं आधी संपते, रात्रीचे तास त्याच हिशेबाने काढा. बेरीज आणि प्रमाणपत्रातला आकडा यांत पाच मिनिटांचा फरक असला तरी अर्ज शंका काढून परत येतो.

कुठल्या ताफ्यातून येता यावर पुढचं गणित ठरतं. एएन-32 किंवा सी-130जे या मालवाहू विमानांवरचा वैमानिक अनेक इंजिनं आणि क्रूसोबत काम, दोन्ही घेऊनच येतो. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनच्या कॅप्टनच्या परवान्याला, लागणारे 1500 तासही त्याच्याकडे बहुधा असतात. मिराज किंवा तेजस हे एका इंजिनाचं लढाऊ विमान, शिवाय सॉर्टी (एकेक उड्डाणं) छोट्या, त्यामुळे तास सावकाश साठतात. मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (परवान्यावरची त्या पात्रतेची नोंद) डीए-42 सारख्या नागरी विमानावर करून घ्यावं लागतं. हेलिकॉप्टरवाल्यांनी विमानांच्या मागे लागण्याआधी सीपीएल(एच)चा, म्हणजे हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक परवान्याचा, विचार जरूर करावा. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांवर जाणाऱ्या ऑफशोअर उड्डाणांत त्यांचा अनुभव थेट कामी येतो. विमानाकडे वळायचं तर पुष्कळ तास नव्याने कमवावे लागतात.

परवान्याच्या लेखी परीक्षेत पास व्हायला 70 टक्के लागतात. हवामान आणि नॅव्हिगेशन जमून जातं, पण एअर रेग्युलेशन्स मुळापासून वाचा. नागरी नियम वेगळे आहेत आणि अनुभवाच्या जोरावर उत्तरं देणारे तिथेच आपटतात. रेडिओटेलिफोनीची आरटीआर(ए) परीक्षाही हलक्यात घेऊ नका.

मेडिकल लवकर करून घ्या. वायुदलाची ए1जी1, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीची, श्रेणी असली तरी डीजीसीएची क्लास 1 तपासणी वेगळी द्यावी लागते. इजेक्शननंतर मणक्याच्या दुखण्यामुळे लढाऊ विमान बंद झालेल्यांनी नाउमेद होऊ नये. नागरी विमानात इजेक्शन सीट नसते, त्यामुळे फाइल वेगळ्या निकषांवर तपासली जाते. जुने एक्स-रे, एमआरआय आणि मेडिकल बोर्डाचे कागद सोबत न्या.

आता रिलीजचा अर्ज. तो सीओकडून (युनिटच्या प्रमुखाकडून) स्टेशन, कमांड आणि मग वायुदल मुख्यालयापर्यंत जातो. प्रत्येक टप्प्यावर शिफारस लिहिली जाते. कारण खरं आणि एकच लिहा: कौटुंबिक अडचण, बढती हुकणं किंवा मेडिकल श्रेणी. तिन्ही एकत्र लिहिले की एकही पटत नाही. सरकारी खर्चाने टेस्ट पायलट कोर्स किंवा परदेशी ट्रेनिंग झालं असेल तर सेवेचं बंधन संपलंय का, ते आधी तपासा. ते बाकी असताना टाकलेला अर्ज बहुधा परत येतो.

पैशांचा हिशेब घरच्यांसोबत बसून करा. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी 20 वर्षांची पात्र सेवा लागते, त्याआधी निघाल्यास ती नाही. शॉर्ट सर्व्हिसचे वैमानिक 14 वर्षांनी ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडतात. 7 नोव्हेंबर 2015 च्या ओआरओपीच्या (समान हुद्दा, समान पेन्शन) पत्रानुसार त्यानंतर स्वतःहून मुदतपूर्व निघणाऱ्यांना तो लाभ नाही. समोर टाइप रेटिंगचा (ठराविक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्च असतो, स्वतः भरल्यास तो कित्येक लाखांत जातो. कंपनी भरत असेल तर बाँड वाचूनच सही करा. शिवाय डीजीसीएच्या नियमाने एअरलाइन सोडतानाही को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला वर्षभराची नोटीस द्यावी लागते.

सिम्युलेटर चाचणीत लढाऊ वैमानिक उड्डाणकौशल्यात क्वचितच कमी पडतात. बोलण्यात पडतात. एअरबसमध्ये विमान चालवणारा 'फ्लॅप्स वन' (पंखांच्या झडपांची पहिली पायरी) म्हणतो, दुसरा वैमानिक वेग बघून 'स्पीड चेक्ड, फ्लॅप्स वन' असं उत्तर देतो आणि मगच लिव्हर हलवतो. एकट्याने कॉकपिट सांभाळलेल्याचा हात आपोआप लिव्हरकडे जातो, आणि परीक्षक तेवढंच टिपून ठेवतो. एखादा जोडीदार गाठा, समोर कॉकपिटचं पोस्टर लावा आणि हे कॉल तोंडात बसेपर्यंत म्हणा.

रिलीज लेटर आलं की क्लिअरन्सच्या गडबडीत तीन कागद विसरू नका: तासांचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र, अपघात-घटनांच्या नोंदीचा दाखला आणि सेवा प्रमाणपत्र. स्टेशन सोडल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते, आणि तोच कागद मिळवायला महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो.