फोन फॉरमॅट करायला आणण्याआधी

दांडिया बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक हे रोजचं काम. पण नवरात्र उलटली की वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागतं. आई किंवा बाबा, हातात मुलीचा नाहीतर मुलाचा फोन, त्यावर कुणीतरी नाव लपवून घाणेरडे मेसेज पाठवतंय, आणि एकच मागणी: "दादा, सगळं उडवा. फॉरमॅट मारा."

मी मारत नाही. आधी बसा म्हणतो. बडोद्याचे पालक ऐकून घेतात, फक्त पंखा लावावा लागतो.

फॉरमॅटने फोन कोरा होतो, पण ज्या अ‍ॅपवर हे निनावी मेसेज येतात त्यावरचं खातं कंपनीच्या सर्व्हरवर असतं तसंच राहतं. मेसेज पाठवायची लिंक चालूच असते, घाण येतच राहते. गेलेला असतो तो फक्त तुमच्याकडचा पुरावा. पोलीस पहिल्यांदा तोच मागतात. आणि पोरगं? त्याला एवढंच कळतं की घरी सांगितलं की फोन जातो. पुढच्या वेळी ते सांगणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

आता हे चालतं कसं ते बघा. एनजीएलसारखं अ‍ॅप मुलगी आपल्या फोनवर घेते, त्यातली लिंक इन्स्टाच्या स्टोरीवर नाहीतर बायोमध्ये टाकते: मला काहीही विचारा, नाव कळणार नाही. लिहिणाऱ्याला मात्र अ‍ॅपही लागत नाही आणि लॉगिनही. लिंक दाबली, ब्राउझर उघडला, लिहिलं, पाठवलं. म्हणून मैत्रिणींचे फोन तपासून काही हाती लागत नाही. हा प्रकार नवाही नाही. 2017 मध्ये साराहा नावाचं अ‍ॅप आपल्याकडेही घरोघरी होतं. छळाच्या तक्रारी वाढल्या आणि 2018 च्या फेब्रुवारीत गुगल आणि अ‍ॅपल दोघांनीही ते आपल्या स्टोअरवरून काढलं. पाटी बदलते, दुकान तेच. त्यामुळे अ‍ॅपच्या नावांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. शाळेच्या नावाने इन्स्टावर निघणारी, मुलांचा निनावी मजकूर छापणारी 'कन्फेशन' पेजेस तर वेगळं अ‍ॅप नसतातच.

मुलांना भाषण देण्यापेक्षा ही एक गोष्ट सांगा, जास्त लागू पडते. 2024 च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, एनजीएलवर कारवाई केली आणि कंपनीला 50 लाख डॉलर भरायला लागले. आरोप काय, तर कंपनी स्वतःच खोटे निनावी मेसेज पाठवत होती. जणू वर्गातलं कुणीतरी आपल्यावर डोळा ठेवून आहे असं पोराला वाटावं. मग 'कोणी लिहिलं ते कळेल' म्हणून आठवड्याला 9.99 डॉलरपर्यंत उकळायचे, आणि मिळणारी माहिती बिनकामाची. चौदा वर्षांच्या मुलाला 'धोका आहे' म्हटलं की ते खांदे उडवतं. 'तुला मूर्ख बनवलं' म्हटलं की कान टवकारतं. त्याच बैठकीत प्ले स्टोअरमध्ये जाऊन कुठलं सबस्क्रिप्शन चालू आहे का तेही बघून घ्या.

काही महिन्यांपूर्वी एक वहिनी आल्या. मुलगी नववीत. मेसेज अर्धे गुजरातीत, अर्धे हिंदीत, सगळे घाणेरडे, आणि त्यातल्या एकात पिवळ्या चणियाचोळीचा उल्लेख. ती चोळी तिने एकाच रात्री घातली होती आणि फोटो कुठेच टाकला नव्हता. म्हणजे लिहिणारा परका नव्हता, त्या रात्री गरब्याच्या मैदानावर होता. मुलीला अंदाजही होता कोण ते. वहिनींनी फॉरमॅट मारून आणला असता तर पिवळा रंग गेला असता.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. उत्तर द्यायचं नाही, 'कोण आहेस' एवढंसुद्धा नाही. मग दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो काढले: मेसेज, वेळ, युजरनेम, लिंक. दुसरा फोन अशासाठी की स्नॅपचॅटसारख्या ठिकाणी स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं. ते झाल्यावर अ‍ॅपमध्ये रिपोर्ट. त्यानंतर बायोमधली लिंक काढली आणि खातं प्रायव्हेट केलं. शेवटी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार. तिथे महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे आणि त्यात नाव न देताही तक्रार करता येते. 1930 वर फोनही लागतो. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.

मेसेज निनावी असला तरी पाठवणारा हवेत विरत नाही. आयपी पत्ता, फोनची माहिती अशा खुणा कंपनीकडे राहतात आणि पोलीस त्या मागू शकतात. हे लिहिणाऱ्या मुलांनाही माहीत असायला हवं. आपलं पोर नेहमी मार खाणाऱ्याच बाजूला असतं असं थोडंच आहे?

एका बाबतीत मात्र वेगळं वागायचं. नग्न किंवा तसले फोटो असतील तर त्यांचे फोटो काढू नका, नवऱ्याला फॉरवर्ड करू नका, आणि कृपा करून मलाही दाखवू नका. अठराच्या आतल्या मुलांचं असं चित्र बाळगणं, पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67ब कलमाखाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी भानगड होते. लिंक आणि युजरनेम कागदावर लिहा, फोन आहे तसा घेऊन थेट पोलिसांकडे जा. 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. फोनवरच त्याचा डिजिटल ठसा बनतो, तेवढाच पुढे जातो, आणि इन्स्टा, फेसबुकसारख्या कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. आणि पोर जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलत असेल तर तक्रारबिक्रार नंतर. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर रात्री-अपरात्रीही लागतो.

काही घडलेलं नसेल तर काम सोपं आहे, पण ते मुलाला शेजारी बसवून करायचं, तो अंघोळीला गेल्यावर नाही. इन्स्टावर जन्मसाल काय टाकलंय ते आधी बघा. माझ्या दुकानातल्या अर्ध्या पोरांचा जन्म इन्स्टाच्या हिशेबाने 2000 च्या आधीचा आहे, आणि मग अठराच्या आतल्यांसाठीचे 'टीन अकाउंट'चे निर्बंध लागणार कसे? प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या चित्रावर दाबून 'मॅनेज अ‍ॅप्स'मध्ये जा, तिथे 'नॉट इन्स्टॉल्ड' निवडलं की पूर्वी घेऊन काढलेली अ‍ॅप्सही दिसतात. यादी बघून ओरडायचं नाही, विचारायचं: हे काय होतं रे, का काढलंस? बहुतेक वेळा उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा शहाणं असतं.

मग तिथेच सेटिंग्जमध्ये 'फॅमिली'खाली पॅरेंटल कंट्रोल चालू करून वयाची मर्यादा लावा. चार आकडी पिन मागेल. स्वतःच्या लग्नाची तारीख ठेवू नका, घरात सगळ्यांना पाठ असते.